दुभाष्याच्या तोंडून

कार्थेजचा हॅनो हा दर्यावर्दी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास जहाजांचा ताफा घेऊन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेला. परतल्यावर त्याने आपल्या प्रवासाचा वृत्तान्त कार्थेजच्या एका देवळात लावला. तो मूळ लेख गेला. त्याचे ग्रीक भाषांतर तेवढे उरले आहे आणि तेही थोड्याच पानांचे. त्याच्या अगदी शेवटी एक बेट येते. बेटावर रानटी माणसे राहतात, त्यांत बायकाच जास्त आणि सगळ्यांची अंगे केसाळ. दुभाषे त्यांना ‘गोरिल्लाई’ म्हणतात. हॅनोचे लोक त्यांच्या पाठीस लागतात. पुरुष कड्यांवर चढून, वरून दगड मारत निसटतात. तीन बायका हाती लागतात. नेणाऱ्यांना त्या चावतात, ओरबाडतात, पुढे पाऊल टाकायला तयार होत नाहीत. मग त्यांना मारून, कातडी सोलून ती कार्थेजला नेली जाते. शिधा संपत आल्यामुळे तेथून पुढे गेलो नाही, एवढे सांगून वृत्तान्त संपतो.

यांपैकी दोन कातडी कार्थेजच्या देवळात टांगलेली होती आणि रोमनांनी शहर घेईपर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी १४६ पर्यंत, ती तेथेच होती, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी, १८४७ मध्ये, थॉमस सॅव्हेज या अमेरिकी मिशनरी डॉक्टरने गॅबनमध्ये मिळालेल्या कवट्यांवरून एका मोठ्या वानराची ओळख जगाला करून दिली आणि नाव देताना हॅनोचाच शब्द उचलला. त्यामुळे हॅनोला गोरिलाच दिसले असणार, असे आज आपण सहज धरून चालतो. अभ्यासकांचे मात्र यावर एकमत नाही. कोणी गोरिला म्हणतात, कोणी चिंपांझी. आणि ती माणसेच होती, असे म्हणणारेही आहेत. ही तिसरी शक्यता मनात ठेवून तो परिच्छेद पुन्हा वाचून पाहावा. वाचणे जड जाते.

केसाळ, रानटी, माणसासारख्या प्राण्यांच्या ऐतिहासिक नोंदींचा हा संग्रह मराठीत आणताना सुरुवात याच उताऱ्याने करायची, हे माझे पहिल्यापासून ठरलेले होते. पुढच्या अडीच हजार वर्षांत जे जे पुन्हा पुन्हा घडते, ते बहुतेक सगळे या चार ओळींत आहे. दुरून आलेला माणूस पाहतो, पाठलाग होतो, कोणीतरी मारले जाते, पुरावा म्हणून कातडे किंवा कवटी नेली जाते. या सगळ्यात एक दुभाषा उभा असतो. ज्यांच्याविषयी तो बोलतो, त्यांचे स्वतःचे बोलणे मात्र कागदावर येत नाही. त्या तीन बायका काही बोलल्या का, ओरडल्या का, आपसांत काही म्हणाल्या का? हॅनोने चावल्याची नोंद केली आहे, आवाजाची केलेली नाही.

अशा नोंदी हाती आल्या की वाचक आधी विचारतो, हे खरे असेल का? प्रश्न योग्यच आहे आणि जेथे उत्तर देता येते तेथे प्रत्येक उताऱ्याच्या टिपणात मी ते दिले आहे. पण एवढ्यावर थांबले तर या कागदांतले सर्वांत मोलाचे हातचे जाते. सांगणारा कोण, त्याने ते कोणाकडून ऐकले, मधे किती तोंडे होती, आणि ज्याच्याविषयी सांगितले जात आहे त्याला वाचा आहे असे मानले गेले की नाही, हे प्रश्न धरून मी हे उतारे निवडले आहेत. माणूस आणि जनावर यांच्यामधली रेघ अंगावरच्या केसांवरून आखली जाते, असे वरवर वाटते. या नोंदी एकापाठोपाठ एक वाचल्या की ती बहुतेक वेळा वाचेवरून आखली गेली आहे, हे ध्यानात येते.

दुसरा उतारा आपल्या जवळच्या किनाऱ्यावरचा आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराचा नौसेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे निघाला. मकरान किनाऱ्यावर, आज हिंगोल म्हणतात त्या नदीच्या मुखाशी, कोंदट झोपड्यांत राहणारे सहाशेच्या आसपास लोक त्याला आडवे आले. त्यांच्या हातात जाड भाले होते, टोके विस्तवावर भाजून कडक केलेली. निआर्कसने हलकी शस्त्रे घेतलेले सैनिक पोहत पाठवले, पाण्यातच त्यांची फळी उभी केली आणि जहाजांवरून मारा सुरू केला. ते लोक पळाले. काही मारले गेले, काही पकडले गेले. पकडलेल्यांच्या डोक्यावरच नव्हे तर सगळ्या अंगावर केस होते, त्यांची नखे श्वापदासारखी होती, लोखंड ठाऊक नसल्यामुळे त्याच नखांनी ते मासे फाडत आणि मऊ लाकूड चिरत, असे वर्णन आहे. निआर्कसचे मूळ लिखाण हरवले आहे. साडेचारशेहून अधिक वर्षांनी ग्रीक इतिहासकार एरियनने त्याच्या आधारे लिहिलेले आपण वाचतो.

येथे शंकेला जागा नाही. झोपड्या बांधणारे, भाले भाजून कडक करणारे, जनावरांची आणि मोठ्या माशांची कातडी पांघरणारे हे लोक माणसेच होते. मासे खाऊन जगणाऱ्या त्या गरीब किनाऱ्यावर एका सकाळी परकी जहाजे आली, आणि जे वाचले ते ‘केसाळ आणि नखांचे’ म्हणून इतिहासात जमा झाले. हॅनोचा उतारा वाचताना ती तिसरी शक्यता मी का सोडत नाही, त्याचे कारण निआर्कसच्या या पानात आहे. ज्याला मारायचे किंवा बांधून न्यायचे, त्याचे वर्णन करताना लेखणी आपोआप केसांकडे आणि नखांकडे वळते.

ग्रीक आणि रोमन लेखकांना भारत म्हणजे अशा प्राण्यांचे कोठारच वाटे. कुत्र्याच्या तोंडाची माणसे टीसियसने भारतातच बसवली. प्लिनी भारताकडच्या एका रानटी जमातीचे नाव देतो: अंगावर दाट केस, कुत्र्यासारखे दात, घारे डोळे, आणि बोलणे नाही, नुसती भयंकर किंकाळी. हे लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी या देशात पाऊल टाकले होते, म्हणून असे उतारे मी मोजकेच घेतले आहेत.

त्याच देशातल्या वाङ्मयात केसाळ अरण्यवासींचे जे मोठे चित्र आहे, ते याच्या अगदी उलट आहे. वाल्मीकीच्या किष्किंधेतल्या वानरांना राज्य आहे, मंत्री आहेत, भाऊबंदकी आहे. हनुमान पहिल्यांदा राम-लक्ष्मणांसमोर येतो तेव्हा राम लक्ष्मणाला काय सांगतो? त्याच्या बळाविषयी नव्हे, बोलण्याविषयी. वेदांचा अभ्यास आणि व्याकरणाचे पुष्कळ श्रवण केल्याशिवाय असे बोलता येणार नाही, इतके बोलून एकही अशुद्ध शब्द तोंडून निघाला नाही, असे राम म्हणतो. ज्या गावाच्या वेशीवर मारुती आहे त्या गावात वाढलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही. पण युरोपातले वृत्तान्त वाचता वाचता या प्रसंगाकडे वळले की त्याचे वेगळेपण अंगावर येते. येथे शेपूट आणि केस असलेल्याची पहिली ओळख शुद्ध बोलणारा म्हणून होते. अर्थात, याच परंपरेत रानातल्या माणसांना राक्षस ठरवून मारल्याच्या कथाही भरपूर आहेत. आपला वारसा निर्मळ होता, असे दाखवण्यासाठी हे येथे आणलेले नाही. रेघ दुसरीकडेही आखता येत होती, एवढ्यासाठी आणले आहे.

मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश महाकाव्यातला एन्किडू या दोहोंच्या मधे बसतो. सर्वांगावर केस, हरणांबरोबर चरणारा, पाणवठ्यावर जनावरांबरोबर पाणी पिणारा. नगरातून आलेल्या स्त्रीच्या सहवासानंतर त्याला समज येते; मग भाकरी, मद्य, केस काढणे, अंगाला तेल, वस्त्र, आणि शेवटी राजाची मैत्री. त्याला मारून नव्हे, जेवू घालून माणसांत आणले गेले. मृत्यूच्या वेळी तो त्या स्त्रीला शाप देतो, हेही त्या मृत्तिकापट्ट्यांवर आहे. माणसांत येण्याची किंमत लिहिणाऱ्यांना ठाऊक होती.

मध्ययुगीन युरोपात रानमाणूस चर्चच्या खांबांवर, ढालींवर, गालिच्यांवर सगळीकडे आहे. या काळातले दोनच उतारे मी घेतले. बव्हेरियाचा योहान शिल्टबर्गर १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत पकडला गेला आणि नंतर अनेक वर्षे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात मध्य आशियापर्यंत पोचला. तेथल्या एका डोंगरावर चेहरा आणि हात सोडून सर्वांगावर केस असलेली रानटी माणसे राहतात आणि तशी एक जोडी एका सरदाराला भेट दिली गेली, असे तो लिहितो. त्याच ठिकाणी गाढवाएवढे रानघोडे आहेत, असेही लिहितो. रानघोडे खरे निघाले; ते मध्य आशियात होतेच. म्हणून शिल्टबर्गरला सरसकट थापाड्या म्हणता येत नाही, आणि घोडे खरे म्हणून माणसेही खरी, असेही म्हणता येत नाही.

दुसरा उतारा पॅरिसचा. २८ जानेवारी १३९३ च्या रात्री राजा सहावा चार्ल्स आणि त्याचे पाच सरदार रानमाणसांचे सोंग घेऊन नाचले. अंगावर शिवलेल्या तागाच्या कापडाला राळ लावून त्यावर जवसाच्या वाखाचे केस चिकटवले होते. मशालीची ठिणगी पडली. चार सरदार जळून मेले. एकाने पाण्याच्या पिंपात उडी घेतली. राजाला त्याच्या काकूने आपल्या झग्याखाली घेतले म्हणून तो वाचला. सोंग म्हणून अंगावर चढवलेले केस निदान उतरवता येतात. ज्यांना उतरवता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत आता येतो, आणि या प्रस्तावनेत मला सर्वांत जास्त थांबायचे आहे ते येथे.

पेत्रुस गोन्साल्वुस हा तेनेरिफ बेटावर जन्मला. जन्मापासून त्याच्या चेहऱ्यावर आणि अंगावर दाट, लांब केस होते. अशा जन्मजात अवस्था फार विरळ असतात; त्यांत शरीर-बुद्धी इतरांसारखीच असते, केस तेवढे जास्त. १५४७ मध्ये, दहा वर्षांच्या आसपास असताना, त्याला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारी आणले गेले. दरबाराला रानमाणूस मिळाला, असे सगळ्यांना वाटले. राजाने मुलाला शिक्षण दिले. तो लॅटिन शिकला, दरबारी रीती शिकला, दरबारातले काम करू लागला. पॅरिसच्या कॅथरीन नावाच्या स्त्रीशी त्याचे लग्न झाले. मुले झाली, त्यांतल्या काहींच्या अंगावर बापासारखेच केस होते. पुढे कुटुंब इटलीत पार्माच्या ड्यूककडे गेले, आणि ही केसाळ मुले उमरावांच्या एका घरातून दुसऱ्या घरात भेट म्हणून दिली जाऊ लागली.

इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्यात या कुटुंबाची चित्रे आहेत. बाप-मुलांच्या अंगावर उंची दरबारी वस्त्रे, आणि मागे खडकाची गुहा. ते घरांत राहिले, दरबारांत वावरले, पण चित्रकाराने त्यांना गुहेतच उभे केले. बोलोन्याचा निसर्गअभ्यासक उलिस्से आल्द्रोवांदी याने मुलीला तपासले. ती नोंद त्याच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये छापलेल्या विचित्र प्राण्यांच्या ग्रंथात आली.

याच मुलीचे, आन्तोनिएत्ताचे, चित्र लाव्हिनिया फोन्ताना हिने १५९५ च्या सुमारास काढले. ते आज फ्रान्समध्ये ब्लुआच्या राजवाड्यात आहे. जरीचा पोशाख, केसांत फुले, केसाळ चेहऱ्यातले शांत डोळे, आणि हातात एक कागद. वडिलांना कॅनरी बेटांवरून फ्रान्सच्या राजाकडे कसे नेले, तेथून ते पार्माला कसे आले आणि आपण आता कोणत्या उमरावीण बाईच्या घरी आहोत, हे त्या कागदावर आन्तोनिएत्ता स्वतःचे नाव घेऊन ‘मी’ म्हणून सांगते. बापाला मात्र त्याही कागदावर रानमाणूसच म्हटले आहे. मजकूर तिने रचला की कोणी तिच्या हाती दिला, हे बाजूला ठेवले तरी या साऱ्या संग्रहात केसाळ म्हणून पाहिली गेलेली व्यक्ती स्वतःविषयी प्रथमपुरुषी बोलते, अशी ही एकच जागा मला सापडली. म्हणून हे चित्र उतारा म्हणून घेतले आहे, जरी ते पुस्तकाचे पान नसले तरी.

यानंतर ब्रह्मदेश आणि मेक्सिको. जॉन क्रॉफर्ड १८२६ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून आव्याच्या दरबारी गेला, तेव्हा त्याने श्वे-माँग हा केसाळ माणूस पाहिला. लहानपणीच तो राजाला नजराणा म्हणून दिला गेला होता. १८५५ मध्ये हेन्री यूल त्याच्या मुलीला, माफूनला, भेटला. हे वृत्तान्त त्यातल्या त्यात सभ्य आहेत. हुलिया पास्त्राना या मेक्सिकन आदिवासी स्त्रीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ती गात असे, नाचत असे, एकाहून अधिक भाषा बोलत असे. अमेरिकेत आणि युरोपात तिकीट लावून तिला अस्वल-बाई, वानर-बाई म्हणून दाखवले गेले. १८६० मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर ती वारली, बाळही वाचले नाही. तिचा नवरा हाच तिचे खेळ लावणारा होता. मसाला भरलेल्या दोन्ही देहांचे प्रदर्शन त्याने पुढे चालू ठेवले. तिचा देह शेवटी नॉर्वेत राहिला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्यात पुरला गेला. गाणाऱ्या बाईला वानर म्हणून दाखवायचे तर तिच्या गाण्याचे काय करायचे? तेव्हाच्या जाहिरातदारांना ती अडचण वाटली नाही; गाणारे वानर म्हणून तिकीट आणखी खपले.

खऱ्या वानरांच्या नोंदी एका विभागात एकत्र केल्या आहेत. पोर्तुगीजांच्या कैदेत अंगोलात राहिलेला इंग्रज खलाशी अँड्र्यू बॅटेल सांगतो, की प्रवाशांनी सोडलेल्या शेकोटीभोवती ‘पोंगो’ नावाचे मोठे वानर येऊन बसतात, पण लाकूड पुढे सारावे एवढी समज त्यांना नाही आणि त्यांना बोलता येत नाही. बटाव्हियात काम केलेला डच वैद्य याकोबुस बोन्टियुस याचे लिखाण १६५८ मध्ये छापले गेले. ओरांगउटानांना बोलता येते, पण आपल्याला कामाला जुंपतील या भीतीने ते बोलत नाहीत, असे जावाचे लोक सांगतात, असे तो नोंदवतो आणि लगेच हे हास्यास्पद ठरवतो. मला ती ओळ फार बोचते. मजुरीला जुंपले जाणे म्हणजे काय, हे डच अमलाखालच्या जावाच्या माणसांना पक्के ठाऊक होते. वानराच्या मौनाचे कारण त्यांनी आपल्या अनुभवातून काढले, आणि वैद्याला त्यात मूर्खपणाशिवाय काही ऐकू आले नाही.

१६९९ मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसनने अंगोलाहून आलेल्या एका लहान चिंपांझीचे विच्छेदन प्रसिद्ध केले. मेंदू आणि स्वरयंत्र माणसाच्या इतके जवळचे, तर मग हा बोलत का नाही? शरीर सारखे असले तरी वाचा आणि विचार यांसाठी आणखी काही वरचे लागते, असे उत्तर त्याने काढले. लिनीयसने आपल्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत माणसाच्या वर्गीकरणात ‘रानटी माणूस’ असा एक प्रकार केला आणि त्याची तीन लक्षणे दिली: चार पायांवर चालणारा, मुका, केसाळ. उदाहरणांत जर्मनीत हामेलनजवळच्या रानात सापडलेला पीटर होता. पीटर केसाळ नव्हता. त्याला दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते, एवढेच. राजा पहिल्या जॉर्जने त्याला लंडनला आणले, दरबार काही महिन्यांत कंटाळला, आणि पीटरचे उरलेले आयुष्य इंग्लंडातल्या एका शेतावर गेले. तो हरवला तर परत आणता यावा म्हणून त्याच्या गळ्यात नाव-पत्ता कोरलेला पट्टा घातला होता. तो एक मतिमंद, टाकून दिलेला मुलगा होता, असे आज बहुतेक अभ्यासकांना वाटते. शास्त्राच्या यादीत त्याला चार पाय आणि केस मिळाले.

आता दोन बेटे. श्रीलंकेत इंग्रज सरकारच्या नोकरीतल्या ह्यू नेव्हिलने १८८६ मध्ये ‘नित्तेवो’ नावाच्या बुटक्या, केसाळ रानमाणसांची गोष्ट लिहून काढली. वेद्दा लोकांशी त्यांचे वैर होते. त्यांचे बोलणे पक्ष्यांच्या किलबिलीसारखे होते आणि काही वेद्दांना ते समजत असे. शेवटी वेद्दांनी उरलेल्या नित्तेवोंना एका गुहेत कोंडले, तोंडाशी काटक्या-झुडपे रचून पेटवली, आणि धुराने ते सगळे गुदमरून मेले. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावरचे नागे लोक ‘एबू गोगो’ विषयी जवळजवळ हेच सांगतात: बुटके, केसाळ, ऐकलेले शब्द पोपटासारखे परत बोलणारे, आणि शेवट गुहेतल्या आगीत. नोंद मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी फोर्थ यांची आहे.

याच फ्लोरेसवर लियांग बुआ गुहेत २००३ मध्ये मीटरभर उंचीच्या प्राचीन मानवाचे अवशेष सापडले आणि पुढच्या वर्षी जाहीर झाले, तेव्हा गोष्ट खरी ठरल्याचा आनंद जगभर झाला. सुरुवातीला ते अवशेष बारा ते अठरा हजार वर्षांपूर्वीचे मानले गेले. २०१६ च्या फेरतपासणीत ते पन्नास हजार वर्षांहून जुने निघाले. एवढ्या काळाची आठवण तोंडी टिकेल, असे मला वाटत नाही. पण गोष्टींचा शेवट एकसारखा का, हा प्रश्न उरतोच. दोन्हीकडे सांगणारे आपल्याच पूर्वजांनी केलेली कत्तल सांगत आहेत आणि मारल्या गेलेल्यांना थोडीफार वाचा होती, हेही सांगत आहेत. राजांनी आणि दर्यावर्द्यांनी लिहून ठेवलेल्या वृत्तान्तांत ही कबुली मला कोठे दिसली नाही.

हिमालयाला या संग्रहात सर्वांत जास्त पाने आहेत, कारण तेथे तोंडातोंडांची साखळी पायरी-पायरीने दाखवता येते. १८३२ मध्ये काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतले ब्रायन हॉजसन यांनी लिहिले, की आपल्या शिकाऱ्यांना उभा चालणारा, लांब काळ्या केसांचा, बिनशेपटीचा प्राणी दिसला, त्याला राक्षस समजून ते गोळी न घालता पळाले. हॉजसनना शिकाऱ्यांच्या सांगण्याच्या अचूकपणाविषयी शंका होती. १८८९ मध्ये सिक्कीमच्या बर्फात वॅडेल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने मोठे ठसे पाहिले. सोबतच्या तिबेटी लोकांनी ते केसाळ रानमाणसाचे म्हटले, वॅडेलने अस्वलाचे. त्याने पुष्कळ चौकशी केली, प्रत्येकाने दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकले होते. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेचा नेता हॉवर्ड-बरी याने ल्हाकपा ला खिंडीत ठसे पाहिले. हमाल रानमाणूस म्हणाले, त्याला ते लांडग्याचे वाटले. मोहीम परतल्यावर कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’चा हेन्री न्यूमन दार्जिलिंगला हमालांना भेटला. त्यांच्या बोलण्याचे त्याने ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’ असे जे चटकदार इंग्रजी केले, ते वाऱ्यासारखे पसरले. शेर्पांच्या कथांतला येती त्या इंग्रजी नावात शिरल्यावर ओळखू येईनासा झाला.

शेर्पांच्या स्वतःच्या सांगण्यात येतीचे प्रकार आहेत. एक गुराढोरांवर पडणारा, मोठा, अस्वलासारखा. दुसरा माणसाच्या उंचीचा. त्यांची एक गोष्ट शेर्पांच्या खुंबू भागात सर्वत्र सांगतात. येती पिकांची नासाडी करत, पण माणसे जे करतील त्याची नक्कल करत. गावकऱ्यांनी डोंगरावर जाऊन छांग ही दारू पिण्याचे आणि लाकडी हत्यारांनी आपसांत लढण्याचे नाटक केले, आणि परतताना छांगचे हंडे आणि खरी हत्यारे मागे ठेवली. रात्री येती आले, प्यायले आणि एकमेकांना कापून मेले. येथेही संपवणारा माणूसच आहे.

१९५१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर बर्फकुऱ्हाड शेजारी ठेवून ठशाचा फोटो काढला आणि जगाला वेड लागले. १९६० मध्ये एडमंड हिलरी यांच्या मोहिमेने खुमजुंग गावच्या बौद्ध गोंपात जपलेली येतीची टाळू तपासणीसाठी मागितली. गावाने अट घातली: ठरलेल्या मुदतीत ती परत आली पाहिजे आणि गावचा माणूस सोबत जाईल. खुमजो चुंबी हे ज्येष्ठ गृहस्थ टाळू घेऊन शिकागो, पॅरिस, लंडनला गेले. टाळू सेरो या बकऱ्यासारख्या पहाडी प्राण्याच्या कातड्याची, साच्यावर ओढून केलेली निघाली. खुमजो चुंबींचे तेव्हाचे उत्तर नोंदलेले आहे. आमच्याकडे जिराफ आणि कांगारू नाहीत, म्हणून आम्हांला त्यांच्याविषयी काही माहीत नाही. तुमच्याकडे येती नाहीत, म्हणून तुमचे अज्ञान आम्ही समजून घेतो, अशा अर्थाचे ते उत्तर होते. हिमालयाच्या या सगळ्या कागदांत शेर्पा माणूस नाव घेऊन, समोरासमोर उत्तर देतो असे हे दुर्मीळ पान. गावाने ज्या प्रतिष्ठेने ती वस्तू सांभाळली, पाठवली आणि परत घेतली, ती प्रतिष्ठा तपासणीच्या निकालाने कमी होत नाही.

अमेरिकेतला बिगफूट मी घेतलेला नाही. त्याचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल. २००१ च्या उन्हाळ्यातला दिल्लीचा ‘काला बंदर’ही सोडला, ती वीज गेलेल्या रात्रींची, शहरी घबराटीची गोष्ट आहे आणि तिची जात वेगळी. मूळ लेखकांनी वापरलेले अपमानकारक शब्द मात्र मी मवाळ केलेले नाहीत. ते जसे होते तसे दिसले नाहीत, तर या नोंदींनी काय केले हे कळणार नाही.

शेवटचे दोन उतारे एकाच महिन्यातले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत येतीचे म्हणून ठेवलेले नऊ नमुने जनुकीय पद्धतीने तपासल्याचे प्रसिद्ध झाले. हाडे, दात, कातडी, केस, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. त्याच तपासणीतून हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचा वंश साडेसहा लाख वर्षांपूर्वी इतर तपकिरी अस्वलांपासून वेगळा झाल्याचे समोर आले. त्याच महिन्यात सुमात्राच्या बतांग तोरू जंगलातला ओरांगउटान ही तोवर न ओळखलेली वेगळी जात असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि तिला तापानुली हे नाव दिले. ज्या सांगाड्यावरून जात ठरली, तो नर २०१३ मध्ये माणसांशी झालेल्या झटापटीतल्या जखमांनी मेला होता. जाहीर झाली तेव्हा या जातीचे आठशेहून कमी प्राणी उरले होते आणि त्यांच्या जंगलात जलविद्युत प्रकल्प येऊ घातला होता.